खारेगाव, आंबिवली, पाचपाखाडी: ठाणे-कल्याणच्या नावांत दडलंय काय?

कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाडनंतर आंबिवली येतं. ‘वली’ने संपणारी गावं या पट्ट्यात ढिगाने. संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती, तिचंच हे झिजलेलं रूप मानलं जातं. म्हणजे आंबिवली आंब्याची, वडवली वडाची. डोंबिवलीत मात्र गाडी अडते. डोंब समाजाच्या वस्तीवरून हे नाव पडलं, असं नेहमी सांगतात; पण नावाचं शेपूट जितकं पक्कं, तितकं डोकं नाही.

ठाण्याला लेखी पुरावा आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत ते ‘श्रीस्थानक’ आहे. इंग्रजांनी मात्र कानाला आलं तसं लिहिलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती ‘टॅना’ला, आणि १८८२ च्या गॅझेटियरमध्ये तेच ‘ठाणा’ झालं. कल्याण त्या मानाने चिवट! पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये ते ‘कल्लिएना’ आहे आणि कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत कल्याणचे दाते भेटतात.

ही झाली मोठी गावं. लहान नावांचं काय? ‘खार’ म्हणजे भरतीचं खारं पाणी पोचणारी जमीन, म्हणून खारेगाव. तलावपाळीतली ‘पाळ’ म्हणजे तलावाचा काठ, पाचपाखाडीतल्या पाखाड्या म्हणजे आळ्या. मीठबंदर, रेतीबंदर तर सरळ धंदाच सांगतात. पाणी कुठवर येतं, होड्या कुठे लागायच्या, हे या नावांत आहे. त्याच जागेवर उभ्या टॉवरला ‘रिव्हरसाइड’ म्हटलं की भाव वाढतो, पण भरतीची खबर पुसली जाते.

स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नकाशे करताना ऑर्डनन्स सर्व्हेने ‘नेम बुक्स’ ठेवली. त्यांत गेलिक नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंग, ती कोणी सांगितली, जागेचं वर्णन आणि बरेचदा अर्थही. सांगणारे बहुतेक पाद्री, शिक्षक, जमीनदार. गुराख्याला कोण विचारतंय! तरी ‘कोणी सांगितलं’ हा रकाना होता, म्हणून आज त्या नोंदी तपासता येतात. ती पुस्तकं आता ऑनलाइनही आहेत.

आपल्याकडे हा रकाना भरायचा तर कोळीवाड्यातल्या, आगरी गावांतल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे जावं लागेल. नाव आधी देवनागरीत, ते उच्चारतात तसंच लिहायचं. उच्चार मोबाइलवर रेकॉर्ड केला तर उत्तम. दोघांनी दोन अर्थ सांगितले तर दोन्ही नोंदवायचे, ‘बरोबर’ अर्थ निवडायची घाई नको. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर मराठी नाव, जुनं नाव आणि नावाची व्युत्पत्ती यांसाठी वेगळे टॅग आहेत. खातं उघडून कुणीही ते भरू शकतं, फुकट.