श्रद्धेचे प्रकटीकरण आणि मराठी भाषा : पनवेल परिसरातील ख्रिस्ती जीवनाच्या अनुषंगाने

पनवेल शहरात बेने इस्राएल समाजाचे बेथ-एल हे प्रार्थनामंदिर आहे. त्याची स्थापना १८४९ सालची. ह्या समाजास कोकणातील खेड्यापाड्यांतून ‘शनवार तेली’ असे म्हणत असत. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना हे नाव दिले. त्यांचा धर्मग्रंथ कोणता, त्यांच्या प्रार्थनेची भाषा कोणती, हे शेजाऱ्यांस ठाऊक नव्हते. परंतु आठवड्यातील एका दिवशी घाणा फिरत नाही ही गोष्ट मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. श्रद्धा लोकांस प्रथम दिसते ती अशी, नित्याच्या व्यवहारातील एखाद्या कृतीतून. आणि भाषा त्या कृतीला लागलीच नाव देऊन टाकते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ख्रिस्ती श्रद्धेचा आहे. दैनंदिन जीवनात आपली श्रद्धा उघडपणे जगणे आणि ती दुसऱ्यास सांगणे ह्या गोष्टी मराठी भाषेत कोणकोणत्या मार्गांनी घडल्या, त्यांत कोणत्या अडचणी आल्या, आणि त्या अडचणींचा भाषेशी संबंध किती, एवढ्यापुरताच येथे विचार करावयाचा आहे. धर्ममताच्या सत्यासत्यतेचा निर्णय हा भाषाशास्त्राचा विषय नव्हे.

पनवेल परिसर ह्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे, ह्याचे कारण येथे ख्रिस्ती शब्दसंग्रहाचे निरनिराळे थर एकमेकांशेजारी सापडतात. पश्चिमेस उरणकडे पोर्तुगीज अमदानीपासूनचा कॅथलिक समाज आहे. १८८७ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेमुळे ‘ईस्ट इंडियन’ हे ज्या समाजाचे नाव रूढ झाले, त्याचाच हा भाग होय. दक्षिणेस रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या संपर्कातून निर्माण झालेली मिश्रभाषा घरात बोलत आले आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवीन पनवेल, कळंबोली, खारघर ह्या वसाहती वाढल्या आणि केरळ, तमिळनाडू, गोवा, मंगळूर इत्यादी ठिकाणांहून ख्रिस्ती कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. सीरो-मलबार परंपरेचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली निर्माण झाला, त्यामागे मुंबई व तिच्या आसमंतातील हेच स्थलांतर होते. ह्याखेरीज घाटावरून आलेली मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे आहेतच.

ह्या सर्वांचे धर्मविषयक शब्द एक नाहीत. नाताळ, पाद्री, क्रूस, मिस्सा, इगर्जी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ह्यांतील नाताळ व पाद्री हे शब्द तर ख्रिस्तेतर मराठी माणूसही परके म्हणून ओळखत नाही. पाव आणि बटाटा ह्यांच्याच वाटेने ते भाषेत आले व रुळले. दुसरा थर एकोणिसाव्या शतकातील मिशनरी भाषांतरांचा. विल्यम कॅरी ह्यांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ साली नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. तेव्हापासून शुभवर्तमान, तारण, करार, मंडळी, साक्ष, पुनरुत्थान अशा शब्दांची एक परिभाषा हळूहळू सिद्ध होत गेली. तिसरा थर अलीकडील इंग्रजीचा. पास्टर, चर्च, प्रेयर हे शब्द आता सर्वांच्याच तोंडी आहेत.

ह्यांपैकी दुसऱ्या थराकडे वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधावयाचे आहे. ह्या थरातील बहुतेक शब्द मूळचे मराठीतलेच. केवळ त्यांचा अर्थ बदलला आहे. ‘तारण’ हा शब्द घ्या. ख्रिस्ती कुटुंबात त्याचा अर्थ पापापासून सुटका असा आहे. पनवेलच्या बाजारपेठेत हाच शब्द सोनेतारण कर्जाच्या फलकावर दिसतो. ‘मंडळी’ म्हणजे ख्रिस्ती परिभाषेत श्रद्धावंतांचा संघ. इतरत्र त्याचा अर्थ जमलेले लोक, आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘आमची मंडळी’ म्हणजे पत्नी. ‘करार’ म्हटला की शेजाऱ्यास घरभाड्याचा कागद आठवतो. उलटपक्षी ‘शुभवर्तमान’ ह्या शब्दातील ‘वर्तमान’ म्हणजे बातमी हा जुना अर्थ ‘वर्तमानपत्र’ ह्या शब्दापुरताच आता जिवंत उरला आहे. तेव्हा एखादा ख्रिस्ती मनुष्य आपल्या शेजाऱ्यापाशी मनापासून बोलू लागला, तर त्याचे शब्द ऐकणाऱ्यास कळतात, परंतु त्यांचा रोख कळत नाही. पूर्ण परका शब्द निदान आपण परके असल्याचे सांगून टाकतो. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने आला म्हणजे ऐकणारा संशयात पडतो.

ही अडचण आधीच्या लेखकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथात त्यांनी पुराणाचा घाट, ओवीचे वृत्त आणि वैकुंठासारखे शब्द निःसंकोचपणे योजिले. ग्रंथाची भाषिक योग्यता निर्विवाद आहे. परंतु तो ज्या राजवटीत लिहिला गेला त्या राजवटीने गोव्यात देवळे पाडली होती, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. त्याच राजवटीने १६८४ साली हुकूम काढून लोकभाषेचा त्याग करण्यास व तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्यास रयतेस फर्माविले. म्हणजे ज्या भाषेत श्रद्धा प्रकट झाली ती भाषाच पुढे सत्तेने नाकारली. सत्तेच्या आश्रयाने सांगितलेली श्रद्धा आणि स्वेच्छेने सांगितलेली श्रद्धा ह्यांचे शब्द एकच असले तरी ऐकणाऱ्याच्या कानी ते एक राहत नाहीत. ‘क्रिस्तपुराणा’चा इतिहास वाचताना ह्याची जाणीव ठेवावी लागते.

ह्याच्या अगदी उलट बाजूचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास नेण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार बंद करून घेत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ह्यावरून वाद माजला, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासह सल्लागार मंडळाने १८९३ साली राजीनामे दिले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या अल्पवयीन मुलींवर आश्रयदात्रीच्या वर्तनाचा प्रभाव पडणारच, ही सल्लागारांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. उलट, इतर मुलींस आपापले धर्माचार पाळण्याची मोकळीक असता एकट्या संचालिकेनेच आपली प्रार्थना दाराआड लपवावी, ही अपेक्षाही न्याय्य नव्हती. उघडे दार हे आचरण की प्रचार? हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. आणि आजही कार्यालयात, शाळेत, रुग्णालयात तो निरनिराळ्या रूपांनी उभा राहतोच.

भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने ह्या बाबतीत तीन संज्ञा वेगळ्या केल्या आहेत : प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार. ‘प्रसार’ ह्या संज्ञेवर संविधानसभेत १९४८ सालच्या डिसेंबरात वाद झाला व अखेर ती कायम ठेवण्यात आली. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य ह्यांच्या मर्यादेत आहे. पुढे १९७७ साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून ती इतरांपर्यंत पोहोचविणे हे प्रसारात येते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. ह्या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. भाषाभ्यासकास त्यातून एक महत्त्वाचे सूत्र मिळते. सांगणे ही एक क्रिया आहे आणि घडविणे ही दुसरी. पहिलीत ऐकणारा कर्ता म्हणून शिल्लक राहतो, दुसरीत तो कर्म होतो.

ख्रिस्ती परिभाषेतील ‘साक्ष’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. संस्कृत ‘साक्षिन्’ ह्या शब्दात ‘अक्षि’ म्हणजे डोळा आहे. ज्याने स्वतः पाहिले तो साक्षी. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही साक्षीदार ह्याच अर्थाचा ‘मार्तुस’ हा शब्द आहे. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यास तो पुढे लावण्यात आला. ह्या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. साक्ष ही प्रथमपुरुषी असते व बहुधा भूतकाळात असते : ‘मी पाहिले’, ‘माझ्या बाबतीत असे घडले’. उपदेश तृतीयपुरुषी असतो : ‘मनुष्याने असे वागावे’. आग्रह द्वितीयपुरुषी व आज्ञार्थी असतो : ‘तू असे कर’. तिन्ही वाक्ये एकाच श्रद्धेतून निघू शकतील; परंतु ऐकणाऱ्यावर त्यांचा भार सारखा पडत नाही. प्रथमपुरुषी वाक्य ऐकून ‘बरे’ म्हणून आपल्या कामास लागण्याची मुभा ऐकणाऱ्यास असते. आज्ञार्थी वाक्य होकार किंवा नकार मागतेच.

ह्या दृष्टीने मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहिले असता एक क्रम दिसू लागतो. बाबा पदमनजी ह्यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कादंबरीत विधवांच्या दुःखाचे चित्रण कळकळीचे आहे, परंतु लेखकाचा स्वर पुष्कळ अंशी उपदेशकाचा आहे. नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांनी अभंग व भजने रचिली; अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे आधीपासून चालत आलेल्या ख्रिस्ती कीर्तनाच्या परंपरेस त्यांचे मोठे साहाय्य झाले; आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांसही जागा होती. अभंग हा घाटच मुळी प्रथमपुरुषी आहे. बोलणारा देवाशी बोलत असतो आणि शेजारी ते ऐकत असतो. टिळकांची भजने मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत आजही म्हटली जातात, ह्याचे एक कारण हे असावे.

ह्या परंपरेचा उत्कर्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात झाला. तो १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग सोवळे सांभाळून त्यांच्याजवळ राहू लागल्या. ते सोवळे हळूहळू गळाले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सर्व त्या स्वयंपाकघर, प्रवास, भांडणे व आश्रयास आलेली पोरे ह्यांच्या हकिगतीतून सांगतात. वाचकाने ख्रिस्ती व्हावे असे त्या कोठेही म्हणत नाहीत, आणि आपली श्रद्धा लपवीतही नाहीत. ज्या महाराष्ट्राने टिळकांच्या धर्मांतरावर संताप केला त्याच महाराष्ट्राने हे पुस्तक आपले म्हणून घरोघर वाचले. मतांतर झाले नाही तरी परकेपण संपू शकते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा आमच्या भाषेत क्वचितच सापडेल.

कॅथलिक बाजूस दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास मोकळीक दिली, आणि वसईसारख्या ठिकाणी मराठी हीच वेदीची भाषा झाली. त्याच भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, हरित वसईच्या चळवळीत भाग घेतला, आणि २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या निवडीस काहींनी धर्माच्या कारणावरून विरोध केला होता, हेही नमूद केले पाहिजे. २०२४ साली ते निवर्तले. पाण्यासाठी व झाडांसाठी शेजाऱ्यांबरोबर उभे राहणे हे आचरण, आणि झगा न उतरविता उभे राहणे हे प्रकटीकरण. दोहोंत अंतर पडू न देणे ही त्यांच्या सार्वजनिक जीवनाची रीत होती.

आता पुन्हा पनवेलकडे वळू. माझ्या वर्गातील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने एकदा विचारले की, ‘घरी मी प्रार्थना मराठीत करते, मग वर्गात तीच गोष्ट सांगताना इंग्रजी शब्द का येतात?’ तिच्या प्रश्नाचे उत्तर वर आलेच आहे. ‘तारण’ किंवा ‘मंडळी’ म्हटल्यावर मैत्रिणी बुचकळ्यात पडतील, वा हसतील, ह्या संकोचाने ती इंग्रजीचा आडोसा घेते. आणि आडोसा घेतला की तिचा धर्म परका आहे ही समजूत अधिकच दृढ होते. संकोच तिचा, परंतु नुकसान दोघांचे : तिला आपले अंतरंग मातृभाषेत सांगता येत नाही आणि मराठीस आपल्याच लेकरांचा एक अनुभव ऐकावयास मिळत नाही.

ह्यावर भाषाभ्यासकाने कोणास उपदेश करावा असे नाही. परंतु दोन कामे त्याच्या आवाक्यातील आहेत. उरण, कोर्लई व पनवेल येथील वृद्धांच्या तोंडच्या घरगुती प्रार्थना, सणांची नावे, लग्नातील गाणी व नात्यांचे शब्द ह्यांची नोंद त्यांच्या अनुमतीने वेळीच झाली पाहिजे. वसाहतींच्या वाढीत ह्या बोली झपाट्याने मागे पडत आहेत. दुसरे असे की, प्रमाण मराठीच्या कोशांत ‘मंडळी’, ‘साक्ष’, ‘तारण’ ह्यांचे ख्रिस्ती अर्थही इतर अर्थांच्या शेजारी स्पष्टपणे नोंदले जावेत. कोशात जागा मिळाल्याने कोणाची श्रद्धा वाढत नाही वा घटत नाही. मात्र शेजारी काय बोलत आहे हे समजून घेण्याची सोय होते, आणि समजल्यावर ते मान्य करावयाचे की नाही हे ठरविण्यास प्रत्येकजण मोकळा राहतो. शनिवारी बंद राहिलेल्या घाण्याला कोकणाने एक साधे नाव दिले व शेजार चालू ठेवला; निदान तेवढी उदारता आमच्या कोशांनी दाखवावी.