ओवीखाली गाणारीचं नाव

जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहातली कोणतीही नोंद काढा. दोन ओळींची ओवी, तिचा विषय सांगणारा क्रमांक, गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव. एवढाच मजकूर. अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांच्या तोंडून उतरवून घेतल्या गेल्या. मुळशी-मावळच्या डोंगरवाड्यांपासून बीड-परभणीपर्यंतच्या या बायकांपैकी बहुतेकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. सरकारी दप्तरात त्यांचा उल्लेख असलाच, तर कुणाची बायको किंवा कुणाची आई म्हणून असेल. या संग्रहात मात्र त्या कर्त्या म्हणून आहेत.

ज्या यंत्राभोवती हे सगळं घडलं, ते अगदी साधं. दगडाच्या दोन गोल तळ्या. खालची हलत नाही, तिच्या मधोमध खुंटी. वरच्या तळीच्या तोंडात मुठीने घास घालायचा आणि कडेचा खुंटा धरून ती फिरवत राहायचं. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट पडत नाही, मग पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस राहत नाही, त्यामुळे दळण जवळपास रोजचंच. घर झोपेत असताना, पहाटेच्या अंधारात, कधी एकटीने, कधी दोघींनी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत.

त्या वेळी ऐकणारं सहसा कुणी नसे, आणि असलंच तरी जात्याच्या घरघरीची आड मिळे. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, देवाबद्दलसुद्धा जे दिवसा बोलण्याची सोय नव्हती, ते तिथे बोलता येई. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण याच अनुभवातून आली. आईची ओवी लेकीने उचलावी, सासरी गेल्यावर तिथल्या बायकांच्या चालीवर बसवावी, त्यात स्वतःच्या भावाचं नाव घालावं, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

मग गावात आधी इंजिनावरची आणि पुढे विजेवरची पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांची सुटका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. जातं कोपऱ्यात गेलं. आता ते बाहेर निघतं लग्नातली हळद दळायला. पण दळणाचे कष्ट संपले तशी गाण्याची वेळही गेली. ज्यांच्या गळ्यात ओव्या होत्या त्यांच्याबरोबर त्याही जाणार, हे उघड दिसत होतं.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली होती. मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चाले. त्या कामात खेड्यातल्या बायकांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आलं की सभेत गप्प बसणारी बाई ओवीत सडेतोड बोलते. १९८०च्या दशकात त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली. हे काम केवळ शहरातून आलेल्या अभ्यासकांचं राहिलं नाही. त्याच खेड्यांतल्या कार्यकर्त्या बायका गावोगाव जाऊन ओव्या उतरवून आणत, आणि मग बैठकीत बसून त्यांचा अर्थ लावत. हीच ओवी आपल्या आईने का गायली, ती आज आपल्याला पटते का, यावर बोलणं होई. म्हणजे जमवणं आणि शिकणं एकाच वेळी चालू होतं.

ओव्यांची संख्या वाढत गेली तसा त्या लावायच्या कशा, हा प्रश्न आला. त्यातून विषयवार वर्गीकरण तयार झालं. त्याची सुरुवात सीतेपासून होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. जात्यावरची सीता पोथीतल्या सीतेइतकी मुकाट नाही. तिचा वनवास गाणारी बाई स्वतःचा सासुरवास त्यात मिसळत असते. १९९०च्या दशकात संगणक आणि संगीत या दोन्हींत मुरलेले फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची बांधली आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. कागदावर जी ओवी दोन ओळींत संपते, ती गळ्यातून येताना किती वळणं घेते, हे त्यामुळे ऐकायची सोय झाली. या टप्प्यावर युनेस्कोसारख्या संस्थांची मदतही मिळाली.

पॉइटवाँ २००४ साली गेले. संग्रह मात्र कपाटात पडून राहिला नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने तो हाती घेतला आणि २०१७पासून ओव्या मूळ मराठीत, इंग्रजी भाषांतरासह आणि ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर यायला लागल्या. ‘पारी’ची माणसं जुन्या वह्यांतली नावं घेऊन पुन्हा त्या गावांत गेली. काही गायिका भेटल्या, काही नव्हत्या. नाव आणि गाव लिहून ठेवलेलं होतं म्हणून शोध तरी घेता आला.

या ओव्यांत आहे काय? माहेर आहे, भाऊ आहे, लेकीची पाठवणी आहे, पंढरीची वाट आहे, पाऊस आणि शेत आहे. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली मुद्रित झालेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध आहेत. जुन्या चालीत नवा नायक बसवताना त्या बायकांना कुणाची परवानगी लागली नाही. दलित चळवळीचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या भाषणांतून आणि ग्रंथांतून वाचतो. ती चळवळ घरातल्या दळणापर्यंत कशी पोचली, हे त्या ओव्या सांगतात.

सगळ्या ओव्या बंडखोर आहेत, असं मात्र कुणी समजू नये. मुलगाच हवा म्हणणाऱ्या, नवऱ्याच्या वैभवाने फुलणाऱ्या, सोसणं हाच बाईचा धर्म मानणाऱ्या ओव्याही ढिगाने सापडतात. त्या गाळून फक्त आजच्या मनाजोगत्या निवडल्या, तर तो पुन्हा बायकांच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा प्रकार होईल. एकच बाई एका ओवीत मान खाली घालून सोसते आणि दुसरीत जाब विचारते, अशी सरमिसळ जशीच्या तशी ठेवली हे या संग्रहाचं मोल.

ओव्या जमवणं मराठीला नवं नव्हतं. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ १९४० सालचं. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत यांचं लोकसाहित्यातलं काम आपल्या परिचयाचं आहे. पण जुन्या संग्रहांत ओवीखाली गाणारीचं नाव सहसा नसतं. ती ‘लोकां’ची मानली जाते. वस्तूंच्या बाबतीतही तेच. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, स्वयंपाकघरातली भांडी. एका माणसाने घरोघर हिंडून हे वाचवलं, म्हणून पिढ्यांचं घरकाम आज डोळ्यांना दिसतं. ती वस्तू कोणत्या बाईने वापरली, हे मात्र कळायला मार्ग नाही. वस्तू जमवताना त्या काळी तो प्रश्नच कुणाला पडत नसे.

शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाई येतात. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं, म्हणून त्याही ठाऊक आहेत. ज्यांचं काही छापलंच गेलं नाही अशा असंख्य जणींचा इतिहास शिकवायचा, तर असा संग्रह वर्गात न्यावा लागेल. मराठीच्या तासाला त्यातली ओवी वाचता येईल, इतिहासाच्या तासाला तिच्यातला काळ ओळखता येईल, भूगोलाच्या तासाला गाणारीचं गाव नकाशावर शोधता येईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. एका शिक्षकाने ठरवलं तरी पुरे.

आणि ज्यांच्या घरात जात्यावर दळलेली आजी, मावशी किंवा शेजारीण अजून आहे, त्यांना एक सांगणं. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. तिला गायला बसवा, गाता येत नसेल तर नुसतं सांगू द्या. सुरुवातीलाच तिचं पूर्ण नाव, माहेर आणि सासर तिच्याच तोंडून वदवून घ्या, ओवी कुणाकडून शिकली तेही विचारा. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.