छताची तपासणी : पावसापूर्वीचे राहून गेलेले काम

मृग नक्षत्र जवळ आले की मराठवाड्यातील खेड्यांत एके काळी एक काम कोणी न सांगता सुरू होत असे. गाडीतून वा गाढवांच्या पाठीवरून पांढरी माती घरोघर येई. घरातील कर्ती माणसे शिडी लावून माळवदावर चढत, वर्षभरात उगवलेले गवत उपटत, उंदीर-घुशींनी पाडलेली बिळे बुजवत, पाण्याचा उतार पन्हाळीकडे नीट आहे की नाही हे पाहत आणि मग मातीचा नवा थर चोपून बसवीत. त्याच सुमारास तिकडे कोकणात कौले शाकारण्याचे काम चाले. फुटके कौल बदलायचे, कुजलेला वासा किंवा रीप काढून नवी घालायची, ही कामे पावसापूर्वी उरकलीच पाहिजेत असा दंडक होता. दोन्ही प्रदेशांतील छपरे निराळी, साहित्य निराळे. परंतु वर्षातून एकदा छतावर चढून ते डोळ्यांखालून घालावे, ही रीत एकच होती.

सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने ही रीत मोडीत काढली. स्लॅबच्या घराला बोलीभाषेत ‘पक्के घर’ म्हणतात आणि जे पक्के आहे त्याची चिंता करण्याचे कारण नाही, असा समज त्या शब्दाबरोबरच रुजला. छत्रपती संभाजीनगर शहरापुरते बोलायचे तर या समजाचा हिशेब आता चुकता करण्याची वेळ आली आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीपासून या शहराची वाटचाल सुरू झाली. पुढे औरंगाबाद या नावाने ते वाढले, आणि १९७० नंतरच्या दशकात ‘सिडको’ने येथे नवे शहर आखले. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. त्या काळात ज्या शिक्षकांनी, कारकुनांनी आणि कारखान्यांतील कामगारांनी हप्त्याहप्त्याने पैसे फेडून दोन खोल्यांचे घर पदरात पाडून घेतले, त्यांपैकी अनेकजण आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या घरांनी मात्र निवृत्ती घेतलेली नाही. संसार वाढला तसा त्यांतील कित्येक घरांवर आणखी एक मजला चढला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आल्या, कठड्यावर पत्र्याची शेड उभी राहिली. खालच्या स्लॅबला हा भार पेलतो की नाही, हे विचारण्याचे मात्र बहुधा राहूनच गेले.

गळती हे लक्षण, रोग वेगळाच

छत गळू लागले म्हणजे ते बिघडले आणि गळती थांबली म्हणजे ते सुधारले, असे साधारणपणे मानले जाते. ही समजूत अपुरी आहे आणि प्रसंगी घातकही आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. नव्या काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि तोवर तिला गंज चढत नाही. परंतु हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपत राहतो व हा गुण हळूहळू नाहीसा करतो. मग पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचली की गंज धरतो. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने सळईखालचे काँक्रीट फुगते, तडकते आणि एखाद्या दिवशी खपलीसारखे खाली येते. किनारपट्टीवर खाऱ्या हवेतील क्षार हेच काम अधिक वेगाने करतात. कोरड्या हवेच्या मराठवाड्यात त्याची गती मंद असते, इतकाच फरक. मंद गती म्हणजे अभय नव्हे.

या रोगाची चिन्हे डोळ्यांना दिसतात. ती ओळखणारा डोळा मात्र हवा. छताच्या खालच्या बाजूस सरळ रेषेत गेलेली तडा ही बहुधा सळईच्या रेषेवर असते. तांबूस डाग हा गंजाचा निरोप असतो. छतावर फुटलेला पांढरा क्षार हा पाणी आतून वाट काढीत असल्याची खूण असतो. जाणकार माणूस लहान हातोडीने छत ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला तर गिलावा किंवा काँक्रीट सुटले आहे, हे त्याला कळते. याहून खोल तपास हवा असेल तर काँक्रीटचा टणकपणा मोजणारा हातोडा आणि ध्वनिलहरी आरपार पाठवून आतील पोकळी शोधणारे यंत्र, अशी साधने आज उपलब्ध आहेत. गच्चीवर पाणी कोठे साचते, नळाचे तोंड कचऱ्याने बुजले आहे काय, कठड्याच्या फटीत पिंपळाने मूळ धरले आहे काय, हे पाहण्यास तर यंत्रही लागत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. पहिल्या पावसात छत ठिबकते. घरमालक गवंड्याला बोलावतो. गवंडी जुन्या कोब्यावर विटांच्या तुकड्यांचा आणखी एक कोबा घालून देतो आणि वरून सिमेंट घोटतो. दोन वर्षे छत गळत नाही, म्हणून सर्वजण समाधानी असतात. परंतु दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर चार इंच जाडीचा असा कोबा म्हणजे सुमारे पावणेदोन ते दोन टन नवे ओझे असते. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे आणखी एक टन. आतली सळई गंजून बारीक होत असताना वरचे ओझे वाढत जाते. उपाय म्हणून जे केले जाते, त्याचीच पुढे अपायात भर पडते.

किल्लारीने शिकविलेले

मराठवाड्याला हे सांगावे लागावे, हे दुर्दैव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाने जमीन हलविली. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड, ओबडधोबड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे जड छत अशी त्या घरांची रचना होती. दरवर्षी पावसापूर्वी घातलेला पांढऱ्या मातीचा थर पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला होता. कित्येक घरांवर ही माती दीड-दोन फुटांपर्यंत पोचली होती. एका लहानशा खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजेच साडेचार-पाच टनांचे ओझे होते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्या गावांतील माणसे छताकडे दुर्लक्ष करीत नव्हती. उलट ती दरवर्षी निष्ठेने छतावर चढत होती. त्यांनी छत गळू दिले नाही. परंतु ‘हे ओझे आता फार झाले, जुनी माती काढल्याशिवाय नवी घालू नका’ असे सांगणारा जाणकार त्यांच्या अंगणात कधी आला नाही. पाहणीची सवय आणि पाहणीचे शास्त्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सवय होती, शास्त्र नव्हते, त्याची किंमत १९९३ मध्ये मोजावी लागली. आज शास्त्र उपलब्ध आहे, तर सवय गेली आहे.

पत्र्याच्या छपरांची कथाही फारशी निराळी नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत असंख्य घरांची कौले व पत्रे उडून गेले. वादळी वारा छप्पर दाबत नाही, तो ते वर उचलतो. म्हणून पत्रा खालच्या लाकडाला किंवा लोखंडाला किती आकड्यांनी जखडला आहे, यावर सारे अवलंबून असते. मराठवाड्यात चक्रीवादळ येत नसले तरी वळवाचा वारा येतोच. त्यावर उपाय म्हणून येथील वस्त्यांतून पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत आहे. वारा बेताचा असेल तोवर दगड पत्रा धरून ठेवतो. वारा वाढला की पत्र्याबरोबर दगडही येतो आणि तो खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडतो.

कायदा आहे, अंमल कोठे?

याविषयी कायदा मुळीच नाही असे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ प्रमाणे वापरात येऊन तीस वर्षे झालेल्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. न केल्यास पंचवीस हजार रुपये किंवा वार्षिक मालमत्ता कराइतकी रक्कम, यांपैकी जी अधिक असेल तिचा दंड होऊ शकतो. परीक्षणानंतर इमारतीची वर्गवारीही ठरते. काही इमारती तत्काळ पाडण्याजोग्या, काही रिकाम्या करून दुरुस्त करण्याजोग्या, काही माणसे राहत असतानाच दुरुस्त होणाऱ्या, तर काही किरकोळ दुरुस्तीने भागणाऱ्या ठरतात. या चार वर्गांपैकी एकच वर्ग घर सोडायला लावून पाडकामाकडे नेतो, हे नागरिकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

ते न येण्यास कारणही आहे. छताच्या तपासणीचा आणि सामान्य माणसाचा संबंध येतो तो बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्यांना लागणाऱ्या ‘धोकादायक इमारत’ या नोटिशीतून. त्यामुळे अभियंता घरात येणे म्हणजे घर सोडण्याची पहिली पायरी, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. जुन्या शहरातील भाडेकरूला वाटते की वाडा धोकादायक ठरला तर आपला हक्क जाईल. काही मालकांना तो तसा ठरावा असेच वाटत असते. भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. परंतु एका वर्षात भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक वळते करता येत नाही. जेथे भाडे अनेक दशकांपूर्वीचे आहे, तेथे त्याच्या चौथ्या हिश्शात सिमेंटचे एखादे पोतेही येणार नाही. अशा स्थितीत भिंतीची तडा कॅलेंडर टांगून झाकली जाते. हा अडाणीपणा नव्हे. परिस्थितीने शिकविलेला व्यवहार आहे.

शिवाय तीस वर्षांची मर्यादा ही काही अभेद्य तटबंदी नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जण मरण पावले, तेव्हा तिच्या वयाची तीस वर्षे भरलेली नव्हती. सार्वजनिक इमारतींचे चित्रही चिंताजनक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निंबोडी येथे पावसात जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुलांचा बळी गेला. मराठवाड्यात निजामकालीन शाळाखोल्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला गेला आहे. वर्गात ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून धडा पुढे चालू ठेवणारा शिक्षक कर्तव्यनिष्ठ खराच. पण त्या बादलीची लेखी नोंद करून ती वरिष्ठांकडे पाठविणे, हेही त्याचे तितकेच मोठे कर्तव्य आहे.

करता येण्याजोगे

यावर फार खर्चिक उपाय हवेत, असे नाही. कोणती इमारत कोणत्या वर्षी कर आकारणीस आली, याची नोंद महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या दप्तरात असते. त्या नोंदीवरून तीस वर्षे उलटलेल्या घरांची प्रभागवार यादी करणे आणि कराच्या देयकावरच ‘आपल्या इमारतीचे परीक्षण देय आहे’ असा एक ओळीचा शेरा छापणे, एवढ्याने निम्मे काम होईल. लहान घरांसाठी प्राथमिक पाहणीचे शुल्क ठरवून द्यावे व ते परवडणारे असावे. शहरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली उन्हाळ्यात एकेका वसाहतीची प्राथमिक पाहणी केली, तर विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि कोणत्या घराला नोंदणीकृत अभियंत्याची गरज आहे, हे रहिवाशांना कळेल. अंतिम प्रमाणपत्र मात्र अभियंत्यानेच द्यावयाचे, हे त्यात गृहीत आहे. जुन्या वाड्यांबाबत भाडेकरूचे नाव आणि त्याच्या ताब्यातील क्षेत्र यांची अधिकृत नोंद करून तिची प्रत आधी त्याच्या हाती द्यावी आणि मगच परीक्षण करावे. भय गेले तर दार उघडेल.

या उपायांना वेळ लागेल, तोवर घरमालकाला स्वतःही काही करता येईल. वैशाख संपण्यापूर्वी गच्चीवर चढावे, नळाची तोंडे मोकळी करावीत, पिंपळाचे रोप मुळासकट काढावे, खोलीतील छत दिवसाउजेडी न्याहाळावे आणि तडा वा तांबूस डाग दिसला तर गवंड्याच्या आधी अभियंत्याला बोलवावे. जुना कोबा काढल्याशिवाय नवा घालू देऊ नये. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी पै-पै साठविणारा मध्यमवर्गीय माणूस ज्या छताखाली हे सारे बेत करतो, त्या छताच्या तपासणीसाठी त्याने काही वर्षांतून एकदा थोडी रक्कम बाजूला काढावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्याच्या आजोबांनी दरवर्षी शिडी लावली होती. त्याने शिडी लावावीच. पण त्या शिडीवरून आता एका जाणकार माणसालाही वर चढू द्यावे.