क्षेत्र आणि पेठ : महाबळेश्वराची दोन मुळे

महाबळेश्वर इंग्रजांनी वसविले, हे विधान अर्धेच खरे होय. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांकडून जागा मिळविली व माल्कमपेठ वसविली, ती थंड हवेसाठी. तेथून सुमारे सहा किलोमीटरांवरील प्राचीन क्षेत्र मात्र पाण्यामुळे निर्माण झाले. माथ्यावरील सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी मुरते, खालच्या घट्ट काळ्या पाषाणावर अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पंचगंगा व कृष्णाबाई यांची देवालये अशा झऱ्यांवरच उभी आहेत. यास्तव स्थलाभ्यासाचा प्रारंभ बाजारपेठेपासून न करता देवालयांतील कुंडांपासून करावा. माथ्यावरील अरण्य व माती नष्ट झाल्यास जलाशी निगडित असे या क्षेत्राचे प्रयोजनच लोपेल.