पुडीतील औषधाचे नाव

सावनेर परिसरात संत्र्याच्या बागेतील मजूर असो वा कोळसा खाणीतील कामगार, वैद्याकडून औषध न्यावयाचे ते कागदी पुडीत, ही रीत जुनी आहे. पुडीवर नाव नसते. 'आमचा खास योग' एवढ्यावर विषय संपतो. पुढे नागपूरच्या रुग्णालयात दाखल होताना हाच रुग्ण 'देशी औषध घेतो' यापलीकडे काही सांगू शकत नाही.

स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने उत्पादन परवान्यातून सूट दिली आहे. ती रुग्णाला अंधारात ठेवण्याची मुभा नव्हे. विक्रीच्या औषधांसाठी तर नियम १६१ स्पष्ट आहे : वेष्टनावर सर्व घटकद्रव्यांची खरी यादी व प्रत्येकाचे प्रमाण हवे, अनुसूचीतील विषद्रव्य असल्यास वैद्यकीय देखरेखीची सूचनाही हवी. आरोग्यवर्धिनीचेच पाहा. तीत कुटकी आहे, तसेच पारद, गंधक व ताम्रभस्मही आहे. आम्ही किंवा औषधविक्रेत्याने ती डबीतून काढून पुडीत बांधली, की यादी डबीवरच राहते.

२००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अनेकांना तो शास्त्रावरील हल्ला वाटला. आमच्या मते मूळ प्रश्न साधा होता. पारद शास्त्रोक्त योग म्हणून योजला की धातू अशुद्ध द्रव्यातून आला, हे ग्राहकाला कळावे कसे? १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. पुडीला असा पडताळा नाही.

'योग उघड केला तर शेजारचा उचलेल,' असे काही व्यवसायबंधू म्हणतात. शार्ङ्गधराने योग प्रमाणांसह लिहून ठेवले आहेत, आणि कायद्यातील शास्त्रीय औषधाची व्याख्याही ग्रंथांवरच आधारलेली आहे. मग लपविण्याजोगे उरते काय? पुष्कळदा स्टेरॉइडच!

दुसरी गोष्ट पैशाची. तपासणीचे शुल्क मागण्याचा संकोच म्हणून आपण ते पुडीच्या किमतीत मिसळतो. मग दहा रुपयांचे चूर्ण साठ रुपयांना जाते आणि वैद्य नफेखोर ठरतो. पावतीवर शुल्क व औषध वेगळे लिहावे. पुडीवर औषधाचे नाव, रसौषधी असल्यास तसा उल्लेख, दिनांक व वैद्याचे नाव असावे. त्यासाठी एक रबरी शिक्का व शाईपेन पुरते.