देव सगळ्यांत, मग यादी कशाला?

गीता वाचताना आमच्या बचत गटांत एक प्रश्न हमखास निघतो. नवव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की आपल्याला सगळे जीव सारखेच, कुणी लाडका नाही, कुणी नावडता नाही. आणि दहाव्या अध्यायात स्वतःच्या विभूतींची यादी देतात: नद्यांत गंगा, झाडांत पिंपळ, माणसांत राजा. मग आपली नीरा कुठे गेली? उसाच्या फडात राबणारी बाई कुठे गेली? देवसुद्धा मोठ्यांचाच का?

उत्तर त्याच अध्यायात आहे. अर्जुनाने विचारलं होतं, तुझं चिंतन मी कशाकशात करू? यादी आहे ती या प्रश्नाचं उत्तर म्हणून. तिच्या सुरुवातीलाच देव सांगतात की मी सर्वांच्या हृदयात आहे. शेवटी सांगतात की माझ्या विस्ताराला अंत नाही, एका अंशाने मी सारं जग धरलं आहे. आधी सगळे, शेवटी सगळे. मधली नावं आपली नजर बसावी म्हणून.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यांत विनोबा लहान मुलाचं उदाहरण देतात. मुलाला आधी अक्षर मोठं काढून शिकवतात, मग तेच अक्षर बारीक असलं तरी त्याला वाचता येतं. गंगा हे मोठं अक्षर. नीरा बारीक, पण अक्षर तेच.

ही यादी म्हणजे चांगुलपणाचा दाखलाही नाही. तिच्यात जुगारसुद्धा आहे, आणि जुगाराच्याच डावावर द्रौपदी लागली होती.

आता आपल्या कामाचं. याच यादीत स्त्रियांमध्ये सात विभूती सांगितल्या आहेत: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. बाईला मात्र घरोघरी शेवटचीच ऐकवली जाते. ‘सोसून घे, बाईची जात आहे.’ पण दहाव्याच्या सुरुवातीला क्षमा सगळ्याच जीवांच्या गुणांत येते, आणि सोळाव्या अध्यायात दैवी गुणांत ती तेजाच्या शेजारी बसते. म्हणजे ती पुरुषालाही लागू आहे. आणि ग्रामसभेत उठून बोलणं ही वाणी, हप्त्यांचा हिशेब डोक्यात ठेवणं ही स्मृती, दुष्काळात घर उभं ठेवणं ही धृती. सोसणं तेवढं देवाचं आणि बोलणं बाईला शोभत नाही, असं गीतेत नाही.

आषाढीला तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून आपल्या अकलूजला येते, गोल रिंगण होतं. आपण आधी पादुकांवर डोकं टेकवतो, मग शेजारच्या अनोळखी बाईलाही ‘माउली’ म्हणून वाकतो. मोठं अक्षर वाचून झालं की बारीक वाचायचं, ते आपल्याला असं ठाऊकच आहे. वारी पुढे गेल्यावरही, मजुरीला आलेल्या बाईशी बोलताना, तेवढं ध्यानात ठेवू या.

राम कृष्ण हरी.