कुटुंबिणीचं लेणं

सोमवार होता, त्यामुळे सकाळी सातलाच घोरावडेश्वराच्या पायऱ्यांवर वर्दळ होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात बेलाची पुडी, असा एक तरुण माझ्या पुढे चढत होता. चाकणची रात्रपाळी सुटली की सोमवारी घरी जायच्या आधी तो इथं येतो. ‘झोप येत नाही का?’ विचारलं तर म्हणाला, ‘वर गारवा आहे ताई, तिथं पाच मिनिटं डोळे मिटले तरी पुरतं.’

सोमाटणे फाट्याजवळचा हा डोंगर जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला अगदी चिकटून आहे. रेल्वेनं यायचं तर बेगडेवाडी किंवा घोरावाडी स्टेशनावर उतरायचं. निम्मी चढण संपली की खाली गहुंज्याचं क्रिकेटचं मैदान बशीसारखं दिसतं, त्याच्या शेजारून द्रुतगती मार्ग जातो आणि ट्रकांचा घरघराट वरपर्यंत पाठ सोडत नाही. पिंपरी-चिंचवडमधली निम्मी मंडळी या डोंगराला महाशिवरात्रीची जत्रा म्हणून ओळखतात, उरलेली निम्मी सकाळचा व्यायाम म्हणून. लेणी म्हणून ओळखणारे फार थोडे. लेणी बघायची तर कार्ल्याला जायचं, भाज्याला जायचं, हे आपल्या शाळेच्या सहलींनी ठरवून टाकलं आहे.

या पट्ट्यात जुना दगड कमी नाही. चाकणचा संग्रामदुर्ग शाळेच्या पुस्तकात आहे. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळपास दोन महिने तिथं झुंजवलं आणि सुरुंगानं बुरूज उडाल्यावरच किल्ला पडला. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीचं ठेंगणं, साधं, घट्ट बांधणीचं देऊळ आहे. त्याच्या शिलालेखात काम कधी धरलं आणि कधी पुरं झालं, दोन्ही तिथी दिल्या आहेत: शके १५८० च्या कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरुवात आणि पुढच्या वर्षी, विकारी संवत्सरात, आषाढ शुद्ध चतुर्थीच्या सोमवारी समाप्ती. आठ महिन्यांच्या आत दगडी देऊळ उभं! हे १६५९ चं आषाढ. त्यानंतर साधारण वर्षानं चाकणला वेढा पडला. एका गावात देवळाचा चुना वाळतोय आणि काही कोसांवर तोफा येतायत, असा तो काळ होता. या दोन्ही ठिकाणांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून यावेळी मी मुद्दाम घोरावडेश्वराची वाट धरली.

सोबत एक पाथरवट मामा होते. रस्त्याकडेला त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबूंवर ताडपत्री आणि खाली पाटे, वरवंटे, खलबत्ते, तुळशीवृंदावनं, एखादा नंदी. वय सत्तरीच्या आसपास. थोरला मुलगा चाकणला सीएनसी मशीन चालवतो, धाकट्याचा टेम्पो आहे, हातोडा कुणीच धरला नाही. ‘वर दर्शनाला पन्नास वेळा गेलोय, दगड बघायला म्हणून कधी नाही,’ असं म्हणत ते निघाले. निघताना एक टाकी आणि छोटी हातोडी पिशवीत टाकली. वर कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘सवय.’

मुख्य लेण्यात आता महादेव आहे. चौकोनी दालन, सपाट छत, बाजूंना भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. भाविकांची नजर पिंडीवर जाते आणि तिथंच थांबते. मामांनी हात जोडले आणि मग वर बघितलं. पिंडीच्या बरोबर वर, छताला चिकटून, दगडाचा एक घडीव तुकडा अधांतरी राहिला आहे. इथं पूर्वी स्तूप होता. जमिनीपासून छतापर्यंत एकाच कातळात कोरलेला. पुढे कधीतरी तो काढून टाकला गेला, खाली लिंग आलं, आणि स्तूपाचा माथा तेवढा छताला राहून गेला. खाली बेल-फूल आणि वर बौद्ध हर्मिका, असं एकाच सरळ रेषेत बघायला मिळतं. बदल कुणी, का केला, यावर भांडणं करणारे करोत. मला तिथं उभं राहिल्यावर वाटलं, की हा डोंगर कुणीही रिकामा टाकला नाही. इथल्याच एका कोरीव मजकुरात शके १३६१, सिद्धार्थी संवत्सर, श्रावण महिना अशी नोंद आहे. म्हणजे इसवी सन १४३९ मध्येही पावसापाण्यात कुणीतरी एवढं चढून आलं होतं. शेजारच्या एका लेण्यात विठ्ठल-रखुमाई आहेत, तुकाराम महाराजही आहेत. भंडारा, भामचंद्र आणि हा घोरावडेश्वर, या तिन्ही डोंगरांवर तुकोबा एकांतासाठी येत, असं देहू-आळंदीच्या वाटेवरचा कुणीही वारकरी सांगेल.

मामांना मात्र इतिहासापेक्षा भिंत आवडली. ते एका काळोख्या खोलीत शिरले, मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरली आणि मला बोलावलं. तिरप्या उजेडात सगळी भिंत एकदम जागी झाली. ओळीनं तिरके घाव, पावसाच्या सरी पडाव्यात तसे. ‘ही टाकी. माझ्याकडं आहे तीच,’ असं म्हणून त्यांनी पिशवीतली टाकी काढून एका घावात अलगद टेकवली. जाडी जवळपास जुळली. दगडाला लागू नये म्हणून त्यांनी टोकाखाली करंगळी धरली होती.

मग ते भिंत वाचत गेले. गुडघ्याच्या उंचीपर्यंत घाव एका बाजूला कललेले आणि त्याच्यावर एकाएकी उलट्या बाजूला. ‘इथं हात बदललाय. हा उजव्या हाताचा, हा डावखुरा. नायतर माणूस तोच आणि बसायची जागा बदलली.’ खोलीत बसायला-झोपायला एक ओटा आहे, तो बाहेरून आणून ठेवलेला नाही, कोरतानाच तेवढा कातळ राखला आहे. ‘राखणं अवघड,’ मामा म्हणाले. ‘फोडायला काय, कुणीबी फोडतंय. कुठं थांबायचं ते आधी डोक्यात पायजे. देऊळ चुकलं तर चिरा बदलता येतोय. हितं चुकलं तर डोंगर कुठनं आणणार?’

लेणं वरून खाली कोरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यामागची सोय मामांनी दोन वाक्यांत सांगितली. आधी छत करायचं म्हणजे पायाखाली कातळ असतो, परांची बांधावी लागत नाही, आणि फोडलेला दगड पुढच्या तोंडातून बाहेर लोटता येतो. कातळ निवडायचा कसा? त्यांनी हातोडीच्या लाकडी दांड्यानं भिंतीवर हळूच टकटक केली. खणखणीत वाजला तर दगड जिता, बद्द वाजला तर आत चीर. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण टाकीला फार लवकर बोथट करतो. सकाळी पाजवलेली टाकी दुपारपर्यंत टिकली तर नशीब. त्यामुळे कोरणारा एकटा कधी नसतो, त्याच्यामागे भाता घेऊन लोहार बसलेला असतो. टाकी तापवायची, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक उडतं, कमी झालं तर वळतं. ‘नाव दगड फोडणाऱ्याचं होतंय, पण अर्धं लेणं लोहारानं कोरलंय,’ मामा म्हणाले. या दोघांपैकी कुणाचंच नाव इथं भिंतीवर नाही.

नाव आहे ते तिसऱ्याच एका व्यक्तीचं, आणि त्यासाठीच मी ही चढण चढले होते. इथल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले शिलालेख जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पुस्तकरूपानं छापले, तेव्हापासून अभ्यासकांना ही लेणी ‘शेलारवाडीची लेणी’ म्हणून ठाऊक आहेत. लेख सांगतो तो असा: धेनुकाकट इथं राहणारा, नांगर धरणारा कुडुबिक उसभणक, त्याची कुडुबिनी सिअगुतणिका, हिनं हे लेणं धर्मासाठी दिलं, मुलगा नंद याच्यासह.

यातले शब्द हळू म्हणून बघावेत. ‘हालकिय’ म्हणजे हल चालवणारा. ‘कुडुबिक’ म्हणजे घरदार-शेती असलेला कुणबी गृहस्थ. कुणबी हा शब्दच तिथून आला, असं भाषेचे जाणकार सांगतात. ‘उसभ’ म्हणजे ऋषभ, बैल. नांगऱ्याचं नावच बैलावरून! ‘सह पुतेन’ तर कुणाला समजावून सांगायलाच नको. आणि ‘कुडुबिनी’? माझे आजोबा आजीची ओळख करून देताना ‘हे आमचं कुटुंब’ असं म्हणायचे. तोच शब्द इथं कातळात आहे. ‘देयधम लेणं’ या दोन शब्दांपैकी दुसरा तर जसाच्या तसा आपल्या तोंडी आहे. सिअगुतणिका आज समोर आली आणि बोट दाखवून ‘लेणं’ म्हणाली, तर खालच्या हॉटेलातला पोऱ्यासुद्धा तिला बरोबर वाटेला लावील.

शेतकऱ्याच्या बायकोनं डोंगरात खोली कोरवून द्यायची, ही त्या काळी अचाट वाटण्यासारखी गोष्ट नव्हती. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून आलेला माल याच मुलखातून पुढे जाई. त्या व्यापारानं गावं गबर झाली होती. धेनुकाकट नेमकं कुठलं गाव, यावर अजून एकमत नाही, पण कार्ल्याच्या चैत्यातही या गावचे दाते भेटतात. त्यात यवन आहेत, अत्तराचा व्यापारी आहे, सामी नावाचा सुतार आहे. भाज्याला एका महारठीनं पाण्याची ‘पोढी’ दिली, म्हणजे टाकं. इथं सुतार, गंधी, नांगऱ्याची बायको यांनी वाटून घेऊन डोंगर घडवले आहेत. सरदारांच्या तलवारींनी भरलेल्या आपल्या स्थानिक इतिहासात या बाईला एक ओळसुद्धा मिळू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मामांना मी लेखाचा अर्थ सांगितला, तसे ते अक्षरांवरून हात न लावता बोट फिरवत मोजू लागले. साठाच्या आसपास भरली. देवळांच्या पायऱ्यांवर, घाटावर दात्यांची नावं कोरायचं काम ते करतात आणि मजुरी अक्षरावर घेतात. गिऱ्हाईक म्हणून ‘श्री.’ गाळतं, ‘यांच्या स्मरणार्थ’ऐवजी नुसतं ‘स्म.’ घालायला सांगतं. ‘बाईनं अक्षराला हात आखडला नाय,’ ते म्हणाले. ‘नवऱ्याचं, पोराचं, गावाचं, सगळ्यांचं घातलं.’

त्याच भिंतींवर आणखीही पुष्कळ नावं आहेत. खिळ्यानं ओरबाडलेली, बदामात बाण घुसवलेली, मोबाइल नंबरासकट. काही ठिकाणी तैलरंगाचे थर आहेत. त्याखाली टाकीचे घाव बुजले, की ते पुन्हा वाचायला कुणीही पाथरवट येऊ शकणार नाही. लेखाजवळ त्याचा अर्थ सांगणारी एक मराठी पाटी मला दिसली नाही. एवढ्या मोठ्या उद्योगनगरीला, जिथं दर चौकात स्वागताची कमान उभी राहते, तिथं एक पाटी जड नाही. भामचंद्राच्या डोंगराभोवती औद्योगिक वसाहत सरकत आली, तेव्हा वारकऱ्यांनी आवाज उठवला. घोरावडेश्वराचे भक्त तर हजारोंनी आहेत, त्यांना हा लेख एकदा कुणी वाचून दाखवायला हवा.

उतरताना देहूरोडच्या बाजूला घरांची दाटी दिसत होती. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. छताला राहिलेला स्तूपाचा तो तुकडा आणि हे विहार यांच्यात फार तर तासाभराची पायवाट आहे. ज्या संघाला सिअगुतणिकेनं निवारा दिला, त्याचं नाव या परिसरात किती शतकांनी पुन्हा घेतलं गेलं! डिसेंबरात विहाराला येणाऱ्या लोकांनी त्याच दिवशी थोडी वाट वाकडी करून हा डोंगरही चढावा, असं फार वाटतं.

खाली आलो तेव्हा नऊ वाजले होते. पहिल्या पाळीच्या बसा जाऊन रस्ता जरा मोकळा झाला होता. मामांच्या ताडपत्रीखाली एक बाई पाट्याला टाकी लावून घ्यायला येऊन बसली होती. मिक्सर आहे, पण ठेच्याला चव येत नाही म्हणे. मामांनी पाटा मांडीजवळ ओढला आणि ठोके सुरू केले. खालून वर, ओळीनं, तिरके. वर काळोखात पाहिलेले घाव इथं उन्हात एकेक करून उमटत होते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर दगडाचा पांढरा भुगा उडत होता.

बाजूला एका देवळाच्या पायरीचा दगड अर्धवट कोरून ठेवला होता. त्यावर चिठ्ठी होती आणि ती उडू नये म्हणून वर वरवंटा. मी वाचली. एका बाईचं नाव, तिच्या गावाचं नाव आणि खाली ‘व मुलगा’. गावाच्या नावापर्यंत कोरून झालं होतं.

‘पुढचं कधी?’ मी विचारलं.

‘एवढा पाटा झाला की,’ मामा म्हणाले आणि बोथट झालेली टाकी बाजूला टाकून त्यांनी दुसरी उचलली.